विश्लेषण : बांगडा आणि कुपा यांच्या मधल्या माशाला नाव देणारे जॉर्ज क्युव्हिए कोण होते?

बांगडा, सुरमई आणि कुपा अर्थात ट्यूना हे तिन्ही मासे एकाच कुळातले. याच कुळात ‘ऑक्सिस’ नावाचा छोट्या ट्यूनांचा एक वंश आहे. १८२९ मध्ये तो वेगळा करून त्याला नाव देणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए आज मुख्यतः जीवाश्मांसाठी ओळखले जातात. पृथ्वीवरून प्राणी कायमचे नाहीसे होऊ शकतात, हे पुराव्यासह मांडणारा हा माणूस आयुष्याच्या शेवटच्या दशकात मात्र माशांच्या मागे होता. त्यांची नजर किती तीक्ष्ण होती आणि ती कुठे आंधळी झाली, याचा हा आढावा.

‘ऑक्सिस’ कोणता मासा?

मोठा ट्यूना तीन मीटरपर्यंत वाढू शकतो. ऑक्सिस मात्र बहुतेक वेळा ३० ते ४० सेंटीमीटरचा असतो. या वंशात आज दोन जाती मानल्या जातात. इंग्रजीतून आलेली त्यांची नावे फ्रिगेट ट्यूना आणि बुलेट ट्यूना. उष्ण आणि समशीतोष्ण समुद्रांत त्यांचे मोठे थवे फिरतात आणि ते स्वतः मोठ्या ट्यूनांचे, मार्लिनसारख्या माशांचे खाद्य असतात. अरबी समुद्रातही ते मिळतात. जपानमध्ये हे मासे उकडून, धुरी देऊन, कडक वाळवून त्यांचा कीस रश्शात वापरतात.

क्युव्हिए यांना त्यात काय वेगळे दिसले? ट्यूनाच्या अंगाला सगळीकडे सारखी खवले दिसत नाहीत. छातीच्या भागात मात्र जाड खवल्यांचे चिलखत असते. ऑक्सिसला ते आहे. शेपटीजवळ दोन्ही बाजूंना ट्यूनासारखा उंचवटाही आहे. पण ट्यूनाच्या पाठीवरचे दोन पर जवळजवळ एकमेकांना टेकलेले असतात, तर ऑक्सिसमध्ये त्यांच्यात बांगड्यासारखे मोठे अंतर असते. म्हणजे चिलखत ट्यूनाचे आणि पाठ बांगड्याची. नाव मात्र त्यांनी नवे घडवले नाही. प्राचीन ग्रीक लेखक ट्यूनाच्या पिल्लांसाठी जो शब्द वापरत, तोच उचलला. लहान ट्यूना म्हणजे वाढायचा राहिलेला मोठा ट्यूना नव्हे, हे सांगणाऱ्या वंशाला पिल्लाचे नाव मिळाले, ही त्यातली गंमत.

बालपण कुठे गेले?

क्युव्हिए यांचा जन्म २३ ऑगस्ट १७६९ रोजी मोंबेलियार या गावी झाला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा ते जर्मन व्युर्टेंबर्गच्या ड्यूकच्या ताब्यात होते. घर ल्युथरन पंथाचे, वडील निवृत्त सैनिक, पैसा बेताचा. त्यांचे कागदोपत्री नाव लांबलचक होते आणि त्यात जॉर्ज नव्हतेच. जॉर्ज हे त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाचे नाव. घरात तेच या मुलाला लागले आणि पुढे जगानेही तेच वापरले.

आईने लवकर वाचायला शिकवले. ब्युफाँ यांचे निसर्गावरचे अनेक खंडांचे पुस्तक हाती आल्यावर मुलगा त्यातली चित्रे नकलून रंगवत बसे. पुढे स्टुटगार्टच्या कॅरोलिन अकादमीत चार वर्षे शिक्षण झाले. ही अकादमी सरकारी कारभारासाठी माणसे तयार करणारी होती. शिक्षण उत्तम, नोकरी मात्र मिळाली नाही. १७८८ मध्ये १९ वर्षांचे क्युव्हिए नॉर्मंडीत एका सरदार घराण्यात मुलाचे शिक्षक म्हणून गेले.

समुद्राशी ओळख कशी झाली?

या नोकरीनेच त्यांचे आयुष्य ठरवले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये क्रांती झाली. ओळखीपाळखीचे लोक तुरुंगात जात होते, काही गिलोटिनवर चढत होते. क्युव्हिए दूर किनाऱ्याजवळ होते आणि त्यांच्याकडे फावला वेळ होता. कोळी लोक जाळ्यात आणतील ते मासे, माकूल, शिंपले ते कापून पाहू लागले, आतल्या प्रत्येक अवयवाचे चित्र काढू लागले. त्या काळी पाठीचा कणा नसलेले बहुतेक प्राणी ‘कृमी’ या एकाच गाठोड्यात बांधले जात. ते गाठोडे सोडायची सुरुवात या वहीत झाली.

क्रांतीच्या धामधुमीत पॅरिसहून तिकडे आलेले शेतीतज्ज्ञ तेसिए यांची गाठ पडली. तेसिए यांनी पॅरिसला पत्रे लिहिली. तिथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते एत्येन जोफ्रुआ सेंत-इलेर, वयाने क्युव्हिए यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. त्यांनी या अनोळखी शिक्षकाला बोलावून घेतले. १७९५ मध्ये क्युव्हिए पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात दाखल झाले ते कायमचे. दोघे एकत्र राहिले, एकत्र शोधनिबंध लिहिले. ही मैत्री पुढे कशी संपली, ते खाली येईल.

प्राणी नाहीसे होतात, हे कसे कळले?

१७९६ मध्ये क्युव्हिए यांनी हत्तींवर एक निबंध वाचला. फ्रेंच सैन्याने हॉलंड जिंकल्यावर तिथला संग्रह लूट म्हणून पॅरिसला आणला होता. त्यात सिलोन आणि केप या भागांतल्या हत्तींच्या कवट्या होत्या. दाढा आणि जबडे शेजारी ठेवून त्यांनी दाखवले की आशियातला हत्ती आणि आफ्रिकेतला हत्ती या दोन वेगळ्या जाती आहेत. मग सैबेरियात सापडणारी मॅमथची हाडे घेतली. ती या दोन्हींपैकी कोणाशीच जुळत नव्हती. एवढा मोठा प्राणी कुठेतरी जिवंत असेल आणि कोणाला दिसला नसेल, हे त्यांना पटेना. म्हणजे तो संपला.

आज शाळकरी मुलांना डायनासोर पाठ असतात, त्यामुळे या विधानाचे वजन जाणवत नाही. तेव्हा अनेक विद्वानांना जीवसृष्टीची साखळी अखंड वाटत होती. क्युव्हिए यांनी पुढच्या काळात नामशेष प्राण्यांची रांगच उभी केली. दक्षिण अमेरिकेतला प्रचंड मेगाथेरियम, उडणारा सरडा टेरोडॅक्टिल, समुद्रातला मोसासॉर. अलेक्झांडर ब्राँनियार यांच्यासोबत त्यांनी पॅरिसभोवतालच्या खडकांचे थर अभ्यासले आणि वेगवेगळ्या थरांत वेगवेगळे प्राणी सापडतात हे दाखवले. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की पृथ्वीवर वेळोवेळी मोठ्या उलथापालथी झाल्या आणि त्यांत प्राणी मेले.

त्यांच्या पद्धतीचा गाभा सोपा होता. प्राण्याचे अवयव सुटे नसतात. मांस खाणाऱ्याचे दात तसे असतील तर जबडा, पंजे, आतडी हेही त्याला साजेसेच असणार. मोंमार्त्रच्या जिप्समच्या खाणीतून एका लहान प्राण्याचा सांगाडा अर्धवट दगडात रुतलेला आला. दातांवरून क्युव्हिए म्हणाले की हा पिशवी असलेल्या ओपॉसमसारखा प्राणी आहे, तेव्हा कमरेपाशी पिशवीच्या आधाराची दोन हाडे असलीच पाहिजेत. मग साक्षीदारांसमोर त्यांनी दगड कोरला. हाडे होती.

बांगड्याचे नाव पॅरिसला कसे पोहोचले?

क्युव्हिए स्वतः कधी भारतात आले नाहीत. १७९८ मध्ये नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत जाण्याची संधी होती, तीही त्यांनी नाकारली. जोफ्रुआ गेले. क्युव्हिए यांचे म्हणणे असे, की जगभरातले नमुने जिथे येऊन साठतात तिथेच तुलना नीट होते. त्यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे ठरले. पण नमुने कोणीतरी पाठवावे लागतात.

बांगड्याचेच पाहा. स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक रसेल (घोणस सापाच्या इंग्रजी आणि शास्त्रीय नावात आहेत तेच) ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विशाखापट्टणमला होते. तिथल्या २०० माशांची चित्रे आणि वर्णने त्यांनी गोळा केली. ती १८०३ मध्ये दोन खंडांत छापली गेली. रसेल यांनी माशांना बहुतेक करून तेलुगू कोळ्यांच्या तोंडचीच नावे दिली होती. त्यात एक होते ‘कानागुर्ता’. क्युव्हिए यांनी आपल्या ‘प्राणिसृष्टी’ या ग्रंथात हे नाव लॅटिन साच्यात बसवले आणि बांगड्याला शास्त्रीय नाव मिळाले. ग्रंथावर साल १८१७ छापलेले असले तरी तो १८१६ च्या अखेरीस बाहेर पडला होता, म्हणून शास्त्रीय नोंदीत बांगड्यापुढे क्युव्हिए, १८१६ असे लिहितात. बांगड्याचा वंश पुढे बदलला; कानागुर्ता राहिला. मालवण किंवा रत्नागिरीच्या बाजारात बांगड्याचा वाटा घेणाऱ्याला कल्पनाही नसते, पण त्या माशाचे जागतिक नाव आंध्र किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे आहे.

ऑक्सिसची कथाही अशीच उसन्या हातांची. त्यातली एक जात नीस शहरातले औषधविक्रेते आंत्वान रिसो यांनी १८१० मध्ये वर्णिली होती. दुसरी, ‘थझार्ड’, लासेपेद यांनी १८०० मध्ये छापली, तीही फिलिबेर कॉमेर्सों या प्रवासी निसर्गतज्ज्ञाच्या टिपणांवरून. कॉमेर्सों १७७३ मध्ये मॉरिशसला वारले आणि त्यांची हस्तलिखिते पॅरिसला आली. आपल्या सुरमईच्या शास्त्रीय नावातही हेच कॉमेर्सों आहेत. केवळ टिपणांवर विसंबून मासे छापण्याच्या लासेपेद यांच्या पद्धतीवर क्युव्हिए नाराज होते. मासा समोर हवा, उघडून पाहिलेला हवा, हा त्यांचा आग्रह.

घरी काय चालले होते?

बाहेर मानसन्मान वाढत होते. १८०३ मध्ये ते विज्ञान अकादमीच्या वर्गाचे कायम सचिव झाले. नेपोलियनने त्यांना शिक्षणव्यवस्थेच्या कामाला लावले. नेपोलियन गेला, बुर्बाँ राजे आले, तेही गेले, लुई फिलिप आला. क्युव्हिए यांची खुर्ची हलली नाही. १८१९ मध्ये ते बॅरन झाले. त्यांच्या विरोधकांना हे फार खुपे, आणि तसे ते खुपण्यासारखे होतेही.

घरात मात्र दुःख होते. १८०४ मध्ये त्यांनी मादाम द्युव्होसेल या विधवेशी लग्न केले. तिचा पहिला नवरा करवसुली अधिकारी होता आणि तो गिलोटिनवर मेला होता. तिला आधीची चार मुले होती. त्यातला आल्फ्रेड निसर्गाचे नमुने गोळा करायला भारतात आला. बंगालमधल्या चंद्रनगरात तळ ठोकून त्याने पॅरिसला प्राणी, पक्षी, चित्रे पाठवली. १८२४ मध्ये तो मद्रासला वारला, जेमतेम तिशीत. त्याच्या आदल्या वर्षी क्युव्हिए यांनी एका भारतीय हरणाला त्याचे नाव दिले होते. ते हरीण म्हणजे बारशिंगा. कान्हाच्या जंगलातला बारशिंगा आजही शास्त्रात द्युव्होसेलचेच नाव सांगतो.

क्युव्हिए यांची स्वतःची चारही मुले त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. शेवटची मुलगी क्लेमांतीन १८२७ मध्ये लग्न ठरलेले असतानाच क्षयाने गेली. माशांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड त्यानंतरच्या वर्षी आला.

सारा बार्टमन प्रकरण काय होते?

क्युव्हिए यांचे चरित्र सांगताना हा भाग गाळता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई समाजातल्या सारा बार्टमन या स्त्रीला आधी लंडनमध्ये आणि १८१४ पासून पॅरिसमध्ये तिकीट लावून लोकांना दाखवले जात होते. १८१५ मध्ये क्युव्हिए आणि सहकाऱ्यांनी तिला संग्रहालयाच्या बागेत आणून न्याहाळले. त्याच वर्षाच्या अखेरीस ती वारली. क्युव्हिए यांनी तिच्या शरीराचे विच्छेदन केले, साचा घेतला, सांगाडा, मेंदू आणि जननेंद्रिये जपून ठेवली. अहवालात तिची तुलना माकडांशी केली, आणि मानवी वंशांची जी उतरंड त्यांनी मांडली तिच्या माथ्यावर गोरे युरोपीय ठेवले.

दातांचा एक उंचवटा चुकू न देणारा हा माणूस इथे समोरची व्यक्तीच पाहू शकला नाही. सारा डच बोलत होती, इतर भाषाही तिला येत होत्या, तिची स्मरणशक्ती चांगली होती, हे त्यांच्याच अहवालात आहे. निष्कर्षावर त्याचा परिणाम झाला नाही. काळ तसा होता, असे म्हणून हे सोडून देता येईल. पण क्युव्हिए यांचे नाव मोठे असल्यानेच त्या निष्कर्षांना पुढे वजन आले. साराचे अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात १९७० च्या दशकापर्यंत मांडलेले होते. दक्षिण आफ्रिकेच्या मागणीनंतर ते २००२ मध्ये परत गेले आणि तिथे त्यांचे दफन झाले.

मित्राशी वाद कशावरून झाला?

प्राणी नामशेष होतात हे मानणारे क्युव्हिए प्राणी बदलतात हे मात्र मानायला तयार नव्हते. त्यांचे सहकारी लामार्क बदलाची बाजू मांडत होते. जोफ्रुआ यांनी इजिप्तहून आणलेले हजारो वर्षांपूर्वीचे ममी केलेले पक्षी आणि प्राणी क्युव्हिए यांनी तपासले. ते आजच्यासारखेच निघाले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटला. काही हजार वर्षे हा पृथ्वीच्या हिशेबात किती छोटा काळ आहे, हे त्यांच्याच खडकांच्या थरांवरून पुढच्या पिढीने दाखवले. लामार्क १८२९ मध्ये वारले. अकादमीचे सचिव म्हणून त्यांच्यावर मृत्युलेख लिहिणे क्युव्हिए यांच्याकडे आले आणि त्यांनी तो लेख टीकेने भरला.

जोफ्रुआ यांच्याशी १८३० मध्ये अकादमीत उघड खटका उडाला. दोन तरुण अभ्यासकांनी मांडले की माकुळाचे शरीर म्हणजे मध्यातून दुमडलेला कणाधारी प्राणीच समजता येईल. सगळ्या प्राण्यांचा आराखडा एकच, असे मानणाऱ्या जोफ्रुआ यांनी ते उचलून धरले. क्युव्हिए यांनी प्राणिसृष्टीचे चार स्वतंत्र विभाग केले होते, आणि माकूल तर त्यांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यापासून कापून पाहिलेला. त्यांनी चित्रे मांडली, अवयवांच्या जागा दाखवल्या. त्या दिवसांत सरशी त्यांचीच झाली. माकुळाबद्दल ते बरोबर होते. पण सगळ्या प्राण्यांत काही खोल नाते आहे या जोफ्रुआ यांच्या ओढीला पुढे डार्विनमुळे वेगळाच अर्थ मिळाला.

माशांच्या ग्रंथाचे काय झाले?

१८२० च्या दशकात क्युव्हिए यांनी विद्यार्थी आशिल व्हालांसिएन यांना सोबत घेऊन जगातल्या सगळ्या माशांचे वर्णन करायचे ठरवले. जहाजावरचे डॉक्टर, वसाहतींतले अधिकारी, व्यापारी यांनी मद्यार्कात बुडवलेले मासे पाठवले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून मासे नेणाऱ्यांत जहाजी व्यापारी द्युस्युमिए होते. आपल्या मांदेलीच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे. ते व्हालांसिएन यांनी १८४८ मध्ये दिले.

पहिला खंड १८२८ मध्ये आला. बांगडा, ट्यूना, सुरमई यांचे कुळ आठव्या खंडात आहे. तो १८३१-३२ च्या सुमारास निघाला. ऑक्सिसचे सविस्तर वर्णन त्यात आहे, त्याच्या आणखी काही जातीही त्यात क्युव्हिए यांनी सांगितल्या. त्या आज वेगळ्या मानल्या जात नाहीत. मोठ्या ट्यूनांसाठी त्यांनी वापरलेले ‘थिन्नस’ हे नावही बाद झाले, कारण ते आधीच एका गांधीलमाशीसारख्या कीटकाला दिलेले होते. १८४५ मध्ये त्याची जागा ‘थुन्नस’ने घेतली. छोट्या ट्यूनांचे ‘ऑक्सिस’ मात्र टिकले.

८ मे १८३२ रोजी क्युव्हिए यांनी व्याख्यानमालेचे पहिले व्याख्यान दिले. पॅरिसमध्ये तेव्हा पटकीची साथ होती. त्यानंतर लगेच त्यांच्या अंगावरून वारे गेले. अर्धांगवायू वाढत गेला आणि १३ मे रोजी ते गेले. वय ६२. डॉक्टरांनी त्यांचा मेंदू काढून तोलला. तो १८०० ग्रॅमपेक्षा जास्त भरला आणि त्या आकड्यावर पुढे बरीच वर्षे वाद रंगले. व्हालांसिएन यांनी ग्रंथ एकट्याने पुढे रेटला. १८४९ मध्ये २२व्या खंडावर तो थांबला. चार हजारांहून अधिक मासे झाले, पण शार्क आणि पाकट यांचा समावेश राहूनच गेला.

आज ऑक्सिस कसा ओळखतात?

वंश ओळखणे सोपे आहे. पाठीवरच्या दोन परांमध्ये मोठे अंतर आणि छातीवर चिलखत असेल तर ऑक्सिस. अडचण दोन जातींमध्ये आहे. दोन्ही एकाच भागात सापडतात, एकसारख्याच दिसतात. पाठीवरच्या खुणा थोड्या वेगळ्या असतात. फ्रिगेटमध्ये बारीक तिरक्या रेघा, बुलेटमध्ये रुंद, जवळजवळ उभे पट्टे. पण मासा मेल्यावर रंग उतरतो. मग उरते ते चिलखत. दुसऱ्या पराखाली त्याची पट्टी किती खवल्यांइतकी रुंद आहे, ते मोजायचे. पाचपर्यंत असेल तर फ्रिगेट, सहापेक्षा जास्त असेल तर बुलेट. टोपल्या भराभर रिकाम्या होत असताना बंदरावर हे मोजायला कोणाला सवड नसते. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीत या दोन्ही जातींची पकड अनेकदा एकत्रच दाखवलेली असते, आणि यातली नेमकी कोणती जात किती पकडली जाते, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.